रोवण्यातली गोळी

वडशात डोळ्यांच्या दवाखान्यात माझ्या मागच्या बाकावर मायलेकी येऊन बसल्या. डॉक्टरांनी त्यांना आताच तपासून बाहेर पाठवलं होतं.

“आई, डॉक्टर काय म्हणले, समजलं का? प्रेशरनं डोळ्यातली नस बंद पडली. मंग तिथी नवीन बारीक नसा उगवल्या, अन् त्या फुटल्या. म्हणून तुले धुरकट दिसून राह्यलं.”

“समजलं.”

“प्रेशरची गोळी खाल्ली का, म्हणून मी फोनवर रोज इचारत होती. तू हो म्हणत होती.”

“मागच्या साली धानाच्या रोवण्यात सोडली, दिव्यानी. मंग सुटली ते सुटलीच.”

“काऊन सोडली?”

“त्या गोळीनं घडीघडी लघवीले लागते. धानाच्या बांधीत कुठी जाशीन? चारी बाजूनं उघडं, अन् बांधाच्या पारीवर माणसं उभे. बाया तर दिवसभर पाणी बी पेत नाई.”

“मले सांगाचं होतं ना.”

“हे का सांगाची गोष्ट आहे?”

“मंग आता डोळा गेला तर?”

“तू फोन लाव.”

“कोणाले?”

“आपल्या गावच्या कमळाले. तिले बी हेच गोळी आहे. मीच म्हणलं तिले, रोवणा होये तवरिक नको खाऊ.”

“घंटी जाऊन राह्यली. उचलत नाई.”

“पुन्हा लाव. काल सांगत होती, डोकं लय ठणकते म्हणे.”

“आता ती कुठी असन?”

“बांधीत. आज माह्या जागी तिलेच पाठवलं मी.”