छोट्या लाईनची शिट्टी

आपला विलास छोट्या लाईनच्या, म्हणजे नॅरोगेजच्या, इंजिनांपायी किती वेडा आहे, तुम्हाला माहीत आहेच. त्याचे बाबा नागभीडच्या गाडीवर ड्रायव्हर होते. ते जाऊन बरीच वर्षं झाली, त्यांचा आवाजही कशात उरला नाही. परवा त्याला वाफेच्या इंजिनांच्या शिट्ट्यांची जुनी कॅसेट मिळाली. मला घेऊन तडक घरी गेला.

"आई, ऐक. बाबांचं इंजिन."

काकू भाजी निवडत होत्या. शिट्टी झाली. मान वर न करता म्हणाल्या, "इंजिन तेच हाय. पण चालवून राहिला तो मेश्राम."

विलास चिडला. "शिट्टीवरून माणूस कसा समजते वं?"

"काहून नाही समजणार? मेश्राम घाईचा, शिट्टी तोडून टाके. तुझे बाबा फाटक आलं का शिट्टी लांबवत नेत. ते ऐकलं का मी तवा ठेवत होती. घरी येईपर्यंत भाकर तयार."

विलासचं तोंड उतरलं. तो टेप बंद करायला उठला, तेवढ्यात दुसरी शिट्टी झाली. लांब, हळूहळू विरत जाणारी.

काकू भाजी बाजूला सारून आत गेल्या. मग गॅसवर तवा ठेवल्याचा आवाज आम्ही दोघांनीही ऐकला.