ढगोबा विरुद्ध जिराफ

तुम्हाला सांगते, आमच्या कोल्हारच्या शाळेत अशा दोन खेळाडूंची निवडणूक झाली होती, ज्यांना त्यांचा संघसुद्धा फारसा खेळवत नाही. मोबाईलवर परदेशातले बास्केटबॉलचे सामने बघून माझी मैत्रीण सना एका उंचच उंच राखीव खेळाडूवर भाळली. तो जिराफ. माझा लाडका राखीव म्हणजे ढगोबा, सदा ढगांत हरवलेला. जी हरेल तिनं वहीवर चिकटवलेला आपल्या खेळाडूचा फोटो काढून टाकायचा.

मधल्या सुट्टीत लिंबाखाली डब्यांची दोन झाकणं मांडली. एक चिंचोका म्हणजे एक मत.

"माझा जिराफ दारातून वाकून जातो तरी डोकं आपटतं!" सना म्हणाली. जमलेल्या मुली खूप हसल्या.

मी लाजेनं डोळे मिटूनच बोलले. ढगोबा बाकावरून हळूच उठतो, दमलेल्यांना टॉवेल देतो, मग वर दिव्यांकडे बघत राहतो, जणू त्याचं गाव तिथंच आहे...

डोळे उघडले, तर समोर एकटी सना. माझं झाकण चिंचोक्यांनी भरलेलं.

"बाकीच्या?"

"घंटा होऊन लई वेळ झाला, बये. जिंकलीस. माझा चिंचोकाबी त्यातच हाय."

"मग मला थांबवायचं ना!"

"ढगोबाचं संपू दे म्हटलं."

बाईंनी दोघींना वर्गाबाहेर उभं केलं. सनानं जिराफाचा फोटो सोलून खिशात ठेवला आणि कुजबुजली, "झालो आपनबी राखीव. टॉवेल हाय का?"