देवीचा सातवा नारळ

आमच्या नव्या गाडीचं काही विचारू नका. बुक करून तीन महिने झाले, अजून आली नाही. इलेक्ट्रिक घ्यायचं ठरल्यावर शोरूमवाल्याने विचारलं, "सर, जास्तीत जास्त लांब कुठवर जाता?" मी तंजावुरजवळची गावं सांगितली, "तिरुवैयारु, फार तर ओरत्तनाडु." तो म्हणाला, "मग लहान बॅटरी पुरे."

शेजारी बसलेले माझे वडील, आप्पा, म्हणाले, "तुळजापूर."

कुळदेवी तिथली, पण कित्येक पिढ्यांपूर्वी तंजावुरात आल्यापासून आमच्या घरातलं कुणी तिकडे गेलेलं नाही. शोरूमवाला हसला आणि तमिळ रीतीने आदराने म्हणाला, "अय्या, एका चार्जमध्ये एवढं कुठलीच गाडी जात नाही."

"आमचे पूर्वज इकडे आले, तेव्हा घोडे तरी कुठे एका दमात आले?"

मोठी बॅटरी घेतली.

तेव्हापासून देवीच्या ओटीची पिशवी दाराशी तयार आहे. शोरूमवाला "आणखी दोन आठवडे" म्हणाला, की आप्पा पिशवीतला जुना नारळ काढून ताजा ठेवतात. काल पुन्हा त्याचा फोन आला. आप्पा उठले आणि नारळ आईला नेऊन दिला.

आई म्हणाली, "हा सातवा. चटणी करू, का वड्या?"

"चटणीच कर," आप्पा म्हणाले. "वड्या निघताना कर, वाटेत खायला लागतील."