दुसरा फोन

परदेशी जाणारं आमचं विमान सहा तास लेट झालं होतं. मी भांडायच्या तयारीनेच रांगेत उभा होतो. माझ्यापुढे एक आजोबा होते आणि काउंटरपलीकडे विमान कंपनीची मुलगी.

"हे जेवणाचं कूपन, आजोबा. शिवाय दोन फोन फुकट. हक्कच आहे तुमचा."

"असं? मग लेकाला लाव."

तिने नंबर लावून रिसीव्हर त्यांच्या हातात दिला.

"अरे, सहा तास उशीर आहे... बरं, बरं, तू काम कर... येईन की टॅक्सीने, मला काय धाड भरलीय!"

"आता दुसरा कोणाला?"

"तो या मागच्या साहेबांना देऊन टाक."

"तसा देता येत नाही, आजोबा. ज्याचा त्यानेच करायचा. आणि एवढा उशीर झाला की तिकीट रद्द करून घरी परतही जाता येतं, बरं का."

"अगं पोरी, गेल्या वर्षी आमची ही गेली. आता गॅस बंद केला, किल्ली शेजारी दिली. आता कायमचाच लेकाकडे निघालोय."

"मग फोन राहू दे?"

"हक्काचा आहे म्हणतेस ना? लाव. हा घे नंबर."

"वाजतोय. कोणाचा आहे हा?"

"घरचा."

"पण घरी कोण आहे आता?"

"कोणी नाही."

"मग ठेवू?"

"एवढ्यात नको. स्वयंपाकघरापर्यंत ऐकू जायला जरा वेळ लागतो."