तीन दिवस रजिस्टर आमच्या घरी

हॅलो?… हॅलो, कोण, भाग्या? अगं मोठ्यानं बोल. स्टेशनावरनं बोलतीस का घरनं?

घरनं? मग ती गाडी कुणाच्या दारात शिट्टी मारती… हां, तुमच्या दौंडाचं तसंच. घर कुठं संपलं आन् फलाट कुठं लागला, काय कळायला मार्ग न्हाई.

जय भीम, जय भीम. जावईबापू बरं हायत ना? आन् सम्राट?… चालाय लागला? कवा?… सोमवारपासनं पोरगं चालतंय आन् आज्जीला आज कळतंय. बरं, त्याचं मागनं सांग. आधी माझं ऐक.

न्हाई गं, भांडण न्हाई. कोण म्हणलं भांडण झालं?… सारजाबाई? तिला म्हणावं, तू तुझी चूल बघ. भांडण न्हाई झालं, सभा झाली. बायांची सभा. आज दुपारी, आपल्या विहाराम्होरं. खरीखुरी सभा, सतरंज्या टाकून.

हो, हो… अगं ऐक ना. पहिल्यापासनं सांगते, मदी तोंड घालू नको.

मंगळवारी म्हाळू आला. पंचायतीचा शिपाई गं, नळाला पाणी सोडतो तोच. काखेत महिला सभेचं रजिस्टर. त्याची रीत तुला ठावं हाय. दारोदार फिरायचं, पानावर हाताचा पंजा पसरायचा, आन् खालची तेवढी रेघ दावायची. हितं सही कर मावशे, हितं अंगठा दे. वर काय लिवलंय ते पंज्याखाली. धा वरसं बायांची सभा अशीच भरती. सभा आपणहून दारात येती, च्या पिती आन् जाती.

मग काय, मंगळवारी त्याला फोन आला, वरच्या आळीत वॉल फुटला, पाणी रस्त्यावर. तसाच पळाला. रजिस्टर माझ्या कट्ट्यावर. म्हणला, मावशे, जरा बघ, आलोच.

मग मी बघितलं.

आता त्योच म्हणला बघ, मग बघू नको का?

हसतीस काय. साक्षरतेच्या वर्गाला गेलीय मी. जोडाक्षराला जरा दम खावा लागतो, पर पोचते मी. दुपारभर बोट फिरवलं. कांदा चिरायचा ऱ्हायला, भाकरी गार झाली.

आन् काय निघालं म्हणतीस? दीड वरसामागचं पान. थांब, पाठच झालंय मला. “बौद्धवस्तीस सकाळी अकरा वाजता अर्धा तास पाणी सोडणे योग्य असून त्याबाबत महिलांची कोणतीही तक्रार नाही.”

अकराला वस्तीतल्या बाया कुठं असत्यात गं? तूच सांग… व्हय, निमोण्याला कांद्याच्या रानात. न्हाई तर कंपनीत झाडलोटीला. अकराला नळ येतो आन् कुलपाला पाणी पाजून जातो. आम्ही सांजच्याला कळशा घिऊन विहिरीवर. दीड वरीस मी म्हाळूच्या सात पिढ्या काढल्या, वाटलं त्याचीच खोड हाय. आन् पुस्तकात बघावं तर आम्हीच तसं मागितलंय.

सूचना कुणाची?… झुंबरआक्काची… पोपटरावाची आई गं, उपसरपंच पोपटराव. त्या माउलीनं पंचायतीची पायरी तरी बघितलीय का? ती मळ्यातनं घरी आन् घरनं मळ्यात. आन् अनुमोदन कुणाचं, सांग बघू… न्हाई… न्हाई, ती बी न्हाई.

तुझं.

…हॅलो? हायस का गेलीस?

अगं तुझंच. पाणी समितीत तू अजून हायस ना. कुमारी भाग्यश्री. पुस्तकात तुझं लगीनच झालं न्हाई अजून, जावईबापूंना सांगू नको. आन् तारीख मी दोनदा बघितली. तू दवाखान्यात आडवी, मी तुझा हात धरून उभी, सम्राट काय बाहेर यायचं नाव घेईना, त्या दिवशीची तारीख. दुपारी तीन वाजता आपण दोघी मायलेकी हितं हजर. तू कळा बी देतीस आन् अनुमोदन बी देतीस.

हास, हास. मी बी हसले आधी.

सही?… सही कुणाची म्हंजी… सांगते ना. ते मागनं सांगते. आधी गौतमीचं ऐक.

गौतमी संध्याकाळी आली, तिच्याम्होरं पान ठेवलं. तुझी वहिनी सरपंच होऊन आठ महिने झाले, बोलायला तशी गरीब, तुला म्हाईत हाय. पान वाचलं, मग पुढची पानं चाळली. आन् तोंड उतरलं. शेवटच्या तीन सभांखाली सरपंच म्हणून तिचीच सही. एक बी सभा भरली नव्हती. म्हाळू संध्याकाळचा येणार, ही भाकऱ्या थापत असणार, हाताचं पीठ पुसायचं आन् सही मारायची. जेवली न्हाई त्या दिवशी. म्हणली, आत्या, तक्रार केली तर पहिली मीच सापडते.

मी म्हणलं, तक्रार करतंय कोण? सभा करायची. तू बोलव. नोटीस काढायचा हक्क सरपंचाचा हाय का म्हाळूचा? आन् सभा होईस्तोवर रजिस्टर ह्या घरातनं हालायचं न्हाई.

कुठं म्हंजी? कपाटात, तुझ्या लग्नातल्या शालूखाली.

मग काय, तीन दिवस नुसती वरात. म्हाळू आला, रडकुंडीला आलेला. त्याला च्या दिला, भजी दिली, रजिस्टर न्हाई दिलं. दुसऱ्या दिवशी भाऊसायब, आपलं ग्रामसेवक. तुला सांगते, माणूस घाबरलेला. ग्रामसभा तोंडावर, शिरूरवरनं सायब येणार, आन् ग्रामसभेआधी बायांची सभा झालेली दिसली पायजे. दिसायला रजिस्टर पायजे. आन् रजिस्टर शालूखाली.

तिसऱ्या दिवशी पोपटराव स्वतः. बुलेट दारात. हाक मारली ताईबाई म्हणून, गोड आवाजात, मतं मागायला येत्यात तशी. म्हणले सरकारी वस्तू घरात ठेवणं गुन्हा हाय. मी म्हणलं आप्पा, मी कुठं आणाय गेले व्हते, सरकारच चालत आलं माझ्या कट्ट्यावर. सभेचं रजिस्टर हाय ना, मग सभा भरवा, ते आपल्या पायानं येईल.

…मग निघाले. बुलेटला किक मारली, ती तीन वेळा लागली न्हाई. चौथ्यांदा लागली.

हां, तेच तर सांगते. वरच्या आळीच्या बाया आल्या कशा? मी झुंबरआक्काच्या मळ्यात खुरपायला व्हते ना बुधवारी. जेवायच्या सुट्टीत तिच्याजवळ बांधावर बसले. म्हणलं आक्का, तुम्ही आमच्या पाण्याबद्दल सभेत काय बोललाय ते ऐका, आन् पाठ केलेलं म्हणून दावलं. ती म्हणली परत म्हण. परत म्हणलं. तिसऱ्यांदा म्हणायला लावलं. मग भाकर तशीच फडक्यात बांधली आन् उठून गेली. मला वाटलं, संपलं. आता उद्यापासनं तिच्या मळ्यातलं काम बंद.

भीती वाटली म्हंजी काय, वाटली की. मी काय लोखंडाची हाय?

आन् आज दोन वाजता बघावं तर सगळ्यांच्या म्होरं झुंबरआक्का. काठी टेकीत, मागं वरच्या आळीच्या तेरा बाया. आयुष्यात पहिल्यांदा आल्या गं त्या आपल्या विहाराम्होरं. चपला कुठं काढायच्या, कुठं बसायचं, एकमेकींकडं बघायला लागल्या. आक्का सरळ येऊन माझ्या शेजारी बसली. मग सगळ्या बसल्या, जागा मिळंल तिथं. बेचाळीस झाल्या. मी मोजल्या.

पोपटराव बी आले, दोन माणसं घिऊन. मी म्हणलं आप्पा, बायांची सभा हाय, तुमी तोवर जेवून या. सगळ्या फिदीफिदी हसल्या, त्यात त्यांची सून बी. गेले मग. लांब नळापाशी उभं ऱ्हायलं.

गौतमी उठली. हातात रजिस्टर. मला वाटलं हिचा आवाज फुटतो का न्हाई. आधी तिनं ते पान वाचलं, सगळं, तारखेसकट. आन् मग म्हणली, “ह्या पुस्तकात तीन सह्या माझ्या हायत. न वाचता केलेल्या. चूक माझी हाय. आजपासनं जे हितं बोललं जाईल तेवढंच लिवलं जाईल.”

भाऊसायब खाली बघायला लागले. सरपंचानं चूक कबूल केलेली कुणी ऐकली व्हती कवा?

मग आक्का उठली. उठायला दोघींनी हात दिला. पोपटराव तिकडनं बघतंय, हिनं तिकडं पाठ केली. भाऊसायबांना म्हणली, “मी बोलले न्हाई ते माझ्या नावानं लिवलं. आता मी बोलते ते लिवा.”

…व्हय, असंच म्हणली. माझ्या अंगावर काटा आला, तुझ्या बी आला ना? आन् काय बोलली ठावं हाय? एक आठवडा सकाळी सहाला वस्तीला पाणी आन् सातला वरच्या आळीला. दुसऱ्या आठवड्यात उलटं. म्हणली, उशिराचं पाणी कसं लागतं ते आमच्या सुनांना बी कळू द्या. लिवा. सूचक झुंबरबाई. आन् अंगठा बी लगीच न्हाई दिला, आधी वाचून दावा म्हणली, मग देते.

अनुमोदन मी दिलं. मग हात वर केले बायांनी. अगं वस्तीतल्या तर सगळ्याच, पर वरच्या आळीतल्या बी सात. पोपटरावाची सून, तिनं डाव्या हातानं पदर डोक्यावर धरला आन् उजवा हात वर.

झालं मंजूर. झालं ना. उद्या सकाळी सहाला नळ. घरोघरी हंडे घासून ठेवल्यात, दसऱ्याला घासत्यात तसं. म्हाळू म्हणतो, मावशे, आता तरी शिव्या बंद कर. म्हणलं, उद्या सव्वासहाला सांगते.

पाणी समिती बी नवी निवडली. तुझं नाव काढलं, बाई. आता तू दौंडातच ऱ्हा, पोरगं सांभाळ… माझं टाकलं, तुझ्या जागी. आक्कानंच सुचवलं.

…

व्हय. ते सांगायचं ऱ्हायलं. सही.

मीच करत व्हते गं. तुझी सही मीच. पाच वरसं.

आता ओरडू नको. ऐक. तुझं लगीन झालं, तू गेलीस, म्हाळू रजिस्टर घिऊन आला आन् म्हणला, मावशे, लेकीचं नाव खोडू का? पंचायतीच्या पुस्तकात आपल्या घरातल्या लेकीचं नाव. माझ्या आईचं नाव कुठं लिवलेलं मला ठावं न्हाई, भाग्या, तिच्या मरणाचा कागद सोडला तर. मी म्हणलं खोडू नको, ऱ्हाऊ दे. साक्षरतेच्या वर्गात तुझंच नाव पहिलं गिरवलं व्हतं, झोकदार येतं मला. मग ते काढत बसायचे. सुबक. त्या सहीनं काय विकतेय ते बघितलं न्हाई. वस्तीचं पाणी लेकीच्या नावानं मीच अकराला नेऊन ठेवलं.

…आज सभेत बी सांगितलं. गौतमीनं सांगितल्यावर मी कुठल्या तोंडानं गप बसणार? उभी ऱ्हायले आन् सांगितलं. त्या सारजाबाईनं डोळे वटारले, पर तिला म्हणलं, तुझ्या सासूचा अंगठा कोण देतं ते आधी सांग. अर्ध्या सतरंजीला हसू फुटलं. मग एकेकीनं कबूल केलं गं. कुणी जावेची, कुणी नणंदेची. भाऊसायबांची लेखणीच थांबली.

रागावलीस?… खरं सांग… बरं. मग हासतीस कशाला येड्यावानी. रडू नको. रडायला काय झालं? सम्राट घाबरंल.

थांब, एक मिनिट. म्हाळूची गाडी आली. ये रे, ये. पान आणलं का?… न्हाई भाग्या, तुला न्हाई. म्हाळूला. भाऊसायबांनी आजच्या सभेचं चांगल्या अक्षरात लिवून दिलंय, सह्या घ्यायला आलाय. गौतमी, ये गं बाहेर. चष्मा दे माझा.

तू धर फोन. मी वाचते, तू बी ऐक. “आज दिनांक… महिला ग्रामसभा… सरपंच सौ. गौतमी यांचे अध्य… अध्यक्षतेखाली…” हां. “सूचक श्रीमती झुंबरबाई.” बरोबर. “अनुमोदक श्रीमती ताईबाई.” ऐकलंस? “सदर ठराव एकमताने मंजूर.”

म्हाळू, हे काय?

एकमतानं कुठं झालं? पस्तीस हात वर व्हते. सात बायांनी हात केला न्हाई… असू दे वरच्या आळीच्या, बाया हायत ना? बसल्या व्हत्या ना आमच्याबरोबर? भ्याल्या असतील, न्हाई तर पटलं नसंल. त्यांच्या वतीनं मी हो म्हणू व्हय?

न्हाई, भाग्या, माझं डोकं ठिकाणावर हाय. पाणी मिळालं ते मिळालंच, पस्तीसनं बी मिळतं. पर त्या सातजणींच्या तोंडात हो घालून सही केली तर पोपटरावात आन् माझ्यात फरक काय ऱ्हायला? तवा तू हितं नसताना हजर व्हतीस, आज त्या बोलल्या न्हाईत तरी हो म्हणाल्या. तेच की ते.

गौतमी, पेन घे. तू सरपंच हायस, तू खोड. पस्तीस बाजूनं, सात तटस्थ, असं लिव, आन् शेजारी तुझी सही मार… भाऊसायब काय म्हणायचं ते म्हणतील. म्हाळू, तू बस, च्या टाकलाय.

हां… हां, लिवलं तिनं. आता माझी पाळी.

न्हाई बाई, आता न्हाई बोलता येणार. माझंच नाव जरा अवघड हाय, तुझ्यासारखं सरावाचं न्हाई, आन् फोन धरून सही होत न्हाई. एका हातानं पान दाबायला लागतं. ठेव तू… ठेव गं.