अण्णांचा मागे येणारा हात

जैसलमेरच्या उन्हाचं काय विचारताय, त्या ट्रिपमधला मला आठवतो तो अण्णांचा हात. अण्णा म्हणजे आमच्या सायकल ग्रुपमधले जयनगरचे, सगळ्यात मोठे. रांगेत चालवताना खड्डा नाहीतर वाळू दिसली, की पुढच्याने हात मागे करून मागच्याला दाखवायचं, हा आमचा नियम.

त्या दिवशी वाळवंटात माझ्या पोटरीत गोळा आला आणि मला सपोर्ट व्हॅनमध्ये बसवलं. व्हॅन सगळ्यांच्या मागे, आणि आमच्यासमोर शेवटची सायकल अण्णांची. रस्त्यावर वाळू आली की अण्णांचा हात मागे. दर वेळी! मागे तर सायकल कुणाचीच नव्हती.

पाण्याला थांबलो तेव्हा मी म्हटलं, "अण्णा, व्हॅनला वाळू कशाला दाखवता?"

"व्हॅनला कुठे? मागे उमा असायची ना," अण्णा बाटली भरत म्हणाले. "सर्जापूर रोडचे सगळे खड्डे असेच दाखवलेत तिला. हात केला की 'सरी' म्हणायची. आता हात ऐकत नाही."

उमाक्का म्हणजे अण्णांची बायको, त्यांना जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. आमच्याकडे 'सरी' म्हणजे 'बरं, कळलं'. मी स्वल्प लंगडतच सायकल उतरवून घेतली आणि अण्णांच्या मागोमाग निघालो. पुढच्या वाळूला त्यांचा हात मागे आला. मी ओरडलो, "सरी!"

अण्णा मागे न बघताच म्हणाले, "हळू म्हण रे. ती हळू म्हणायची."