पाडव्याची म्हस आणि आमचं गुपित पथक

...न्हाय, पर कुणी इश्वासच ठेवत न्हाय की! आवो, मी प्लग काढला न्हाय, वायर तोडली न्हाय, धोंडुबाईच्या म्हशीकडं वाकड्या डोळ्यानं बघितलं न्हाय, तरी सगळा कसबा बावडा म्हणतोय, "शालूबाईनंच घातपात केला!"

तुम्हाला सांगते पावणं, ह्याच्या मुळाशी एक पुस्तक हाय. चित्रांचं. आमची थोरली लेक निशिगंधा कालिजातनं आणती. मी चौथी शिकलेली, पर एकदा हातात घेतलं ते आमटी करपली तरी खाली ठिवलं न्हाय! त्यात एक गुपित पथक. एकेकाच्या अंगात दहा हत्तींचं बळ, पर सरकार वळख दाखवत न्हाय, मेलं तर पेपरात नाव न्हाय. त्यातली एक बाई भिंतीतनं आरपार जाती. तिला साहेब म्हणतोय, "त्या गद्दाराची पोरगी उचल, आपसूक शरण येतंय." तर ती काय म्हणाली म्हाईत हाय? "चोरून बघीन, चोरून ऐकीन, पर लेकराला हात लावणार न्हाय. रेघ म्हंजे रेघ!" आगं बाई गं, काटा आला अंगावर! एकटीनंच टाळ्या वाजवल्या मी. आमचं मालक गोठ्यातनं वरडलं, "काय झालं गं? म्हस व्यायली काय?"

आता दिवाळीच्या पाडव्याला आमच्यात म्हशी पळवत्यात. शिंगं रंगवायची, मोरपिसं बांधायची, आणि धन्याच्या मोटारसायकलीमागं म्हस सुटली पायजे. जी म्हस गाडीची पाठ सोडत न्हाय तिच्या धन्याला फेटा. तीन वर्सं फेटा धोंडुबाईच्या घरात! का? आमची बिजली काय लंगडी हाय? म्हटलं, काढा पथक! मी म्होरकी, शेजारची चिमणाबाई हेर, आणि मालक... मालक आपलं असंच.

चिमणाबाई तीन दिस धोंडुबाईच्या दारात लसूण सोलत बसली आणि बातमी घिऊन आली. "अक्का, जादू न्हाय काय न्हाय! त्यांच्या गाडीचा सायलेन्सर फुटकाय. ती फटफट लावूनच म्हशीला पेंड घालत्यात. आवाज आला की म्हस पळती!" आवाज मोबाईलात भरून पण आणलावता. आणि हळूच म्हणती, "प्लग उपटू का? दोन मिन्टाचं काम."

खोटं कशाला बोलू, जीभ वळवळली की माझी! तीन वर्सांचा फेटा... धोंडुबाईचं तोंड... पर म्हटलं, "चिमणे, बघायचं, ऐकायचं. गाडीला हात न्हाय, म्हशीला हात न्हाय. रेघ म्हंजे रेघ!" काय रुबाब म्हणून सांगू! चौथी पास बाई, पर त्या भिंतीतनं जाणारीच्या मांडीला मांडी लावून बसले की मी!

पाडवा उजाडला. मालकांनी किक मारली... बिजली ढिम्म! हाका मारल्या, शीळ घातली... ढिम्म! तेवढ्यात धोंडुबाईचा ल्योक ऋतुराज आला, फटफटफटफट... आणि आमची बिजली, मी रंगवलेली शिंगं, मी बांधलेली मोरपिसं, शेपूट वर करून त्याच्या मागं! एका गाडीमागं दोन म्हशी! त्यांची म्हस जी बुजली, ती सरळ उसाच्या ट्रॉलीत तोंड घालून हुबी. फेटा गेला पन्हाळ्याच्या पावण्याला!

धोंडुबाई पदर खोचून आली. "शाले, मुद्दाम म्हस सोडलीस व्हय गं? पुस्तकं वाचून हेरगिरी करतीस?"

मी म्हटलं, "हेरगिरी केली, छाती ठोकून सांगते! घातपात न्हाय. रेघ म्हंजे रेघ!"

"मग तुझी म्हस आमच्या आवाजामागं कशी पळाली?"

खरंच की... कशी? वळून बघितलं, तर मालक टोपीशी चाळा करत हुबं. "न्हाय म्हंजे... चिमणाबाईनं भरून आणलेला त्यो आवाज मोबाईलात लावला की बिजली अर्धा लिटर जास्त देती... म्हणून रोज धार काढताना पेंड घालायचो आणि लावायचो..."

आता पुस्तकात कसं, पथकाचं चुकलं तर म्होरक्या पुढं हुतोय, म्हणतोय, "सगळं माझ्या अंगावर घाला." मी पण पुढं झाले. मान ताठ केली. तोंड उघडलं... आणि काय सांगू पावणं, अठ्ठावीस वर्सांच्या संसारात नवऱ्याचं जे नाव उखाण्याबिगर कधी व्हटावर आणलं न्हवतं, ते पंचांम्होरं खणखणीत निघालं...

आकाराम!